संबंध आहे की नाही

“ताप आला होता का?”

“नाही.”

“खोकला? धाप?”

“नाही.”

“इंजेक्शनच्या जागी सूज, लाली?”

“नाही,” तो म्हणाला.

फोन नेहमीसारखा जेवणाच्या टेबलावर होता, आवाज मोठा करून. बायकोच्या अंगभर पसरलेल्या सोरायसिसवर नवं इंजेक्शन सुरू होऊन दोन वर्षं झाली होती. औषध घेणाऱ्यांना ते बाधतं का, याची नोंद ठेवणाऱ्या कार्यालयातली मुलगी दर तीन महिन्यांनी फोन करायची. उत्तरं तोच द्यायचा. बायको ओट्यापाशी भांडी घासत मध्येच ओरडायची, “मला काही होत नाही गं! यांच्या घोरण्यावर इंजेक्शन असेल तर तेवढं पाठव.”

“काकू आज गप्पशा?” मुलीनं हसत विचारलं आणि पुढचा प्रश्न वाचला. “रुग्णालयात दाखल करावं लागलं?”

“नाही. तेवढा वेळच मिळाला नाही. पाच आठवडे झाले तिला जाऊन. तळ्यात बुडाली.”

टेबलावर ऊन आलं होतं. पडदा हलला की ते पाण्यासारखं हलायचं.

“मला माहीत नव्हतं, काका. नंतर फोन करू का?”

“नको. पूर्ण कर.”

“मृत्यूचीही नोंद करावी लागते. कारण काहीही असलं तरी.” तिचा आवाज उतरला. “एकच रकाना राहिलाय. औषधाशी संबंध. मी ‘नाही’ लिहिते.”

“थांब. ‘आहे’ लिही.”

“पण काका, बुडून...”

“कशानं ते मला ठाऊक आहे.”

पाच आठवडे तो हेच घोळवत होता. बावीस वर्षं ती लांब बाह्यांत वावरली. लोक बघतात म्हणून पाण्याजवळ फिरकली नाही. रोज सकाळी तो चादर झटकायचा आणि तिच्या अंगाचे पांढरे पापुद्रे उन्हात तरंगत खाली जायचे. इंजेक्शनला ती नको म्हणत होती. तोच हात धुऊन मागे लागला. तिसऱ्या महिन्यात चादर कोरी निघाली. ती गेल्यावर एका सकाळी त्यानं तीच चादर खिडकीत धरून पाहिली, एखादा तरी पापुद्रा सापडेल म्हणून. औषधानं तिचं कणभरही मागे ठेवलं नव्हतं. इंजेक्शन घेतलं नसतं, तर आज ती लांब बाह्यांत ओट्यापाशी उभी असती. हे कुणीतरी कुठंतरी लिहून ठेवायला हवं होतं.

“‘आहे’ लिहिलं तर डॉक्टर चौकशी करतील,” मुलगी हळूच म्हणाली. “चक्कर आली होती का? हातपाय गळाले होते? तुम्ही काय पाहिलंत तेवढंच सांगा, काका.”

तो टेबलावरच्या उन्हाकडे बघत राहिला. त्या दिवशी ती तळ्यात बरीच आत गेली होती. तिथून वळली. दोन्ही हात तिनं वर केले, खांद्यापर्यंत उघडे, ओले, चकचकीत. कुठे एक डाग नाही. “अहो, या ना! किती दिवस काठावर बसणार?” त्यानं टॉवेल हलवून नको म्हटलं. तिचे कपडे घडी करायला खाली वाकला. मान वर केली तेव्हा पाणी सपाट होतं.

“काका?”

“चक्कर नव्हती. हसत होती ती. मला बोलावत होती.”

“मग संबंधापुढे काय लिहू?”

उन्हाचा तुकडा टेबलावरून सरकून त्याच्या हातावर आला. त्यानं हात काढून घेतला नाही.

“‘आहे’च लिही,” तो म्हणाला. “आणि पुढे लिही, गुण आला.”