उशाशी बसणारा

अप्पा गेले की गुरुलिंगच्या पदरात बरंच पडणार होतं. घराची किल्ली, जमलं तर गावच्या सोसायटीतली त्यांची चेअरमनकी, आणि चाळिशीत का होईना, 'कुठं निघालास?' असं न विचारणारं घर.

नळदुर्गच्या डॉक्टरांनी त्याच्या म्हाताऱ्या अप्पांना, नागप्पांना, पंधरा दिवस दिले होते. पुढचं सगळं त्यांनी कागदावर लिहून दिलं. सोलापूरला न्यायचं नाही. सुया टोचायच्या नाहीत. मागतील ते द्यायचं. एकानं कायम उशाशी राहायचं आणि त्यानं उन्हात, कामावर जायचं नाही.

"म्याच का?" गुरुलिंगनं बायकोला विचारलं. दुष्काळी कामावर खडी फोडताना त्यानं तापातसुद्धा खाडा केला नव्हता.

"थोरलं लेक कोण? तुमीच न्हवं?" सिद्धम्मा म्हणाली आणि दुसरी खाट टाकून मोकळी झाली.

अप्पा लई हट्टी. दोन घोट दूध घ्यायचे आणि पेला त्याच्याकडं सरकवायचे.

"पी. टाकू नगं, दुष्काळ हाय."

"तुमच्या वाटचं पिऊन म्या पैलवान व्हतो आता," गुरुलिंग खोकत हसला. धुळीचा खोकला अजून सुटला नव्हता.

"व्हय की मग."

डॉक्टर दिवसाआड येत. अप्पांची नाडी बघत. मग, जवळच्याला लागण नको म्हणून गुरुलिंगच्या छातीलाही नळी लावत. गोळ्या दोघांनाही. फुकटच्या म्हणून तो गिळायचा.

दहाव्या दिवशी सोसायटीची निवडणूक झाली. मरणाऱ्याला मत कोण देतो? चेअरमनकी विरोधातल्या हणमंतप्पाकडं गेली.

"घटकाभर जाऊन तोंड दावलं असतं तर काय बिघडलं असतं, अप्पा? नऊ वर्सांची खुर्ची!"

"उठवत न्हाय रं," म्हणत अप्पांनी भिंतीकडं तोंड फिरवलं.

चौदाव्या दिवशी सिद्धम्मानं शेवटची विभूती लावायला जंगमस्वामींना बोलावणं धाडलं. गुरुलिंग समजला. रडू येईल म्हणून त्यानं वाट पाहिली, आलं नाही. निदान उठून बसावं म्हणून हात टेकला. उठता आलं नाही. बसून बसून अंग जड झालंय, त्याला वाटलं.

स्वामी आले. नागप्पांच्या खाटेपाशी न थांबता पुढं आले आणि गुरुलिंगच्या कपाळाला विभूती लावली.

"स्वामी, अप्पा तिकडं..."

नागप्पा खाटेवरून उठले, ताठ चालत रांजणापर्यंत गेले आणि लेकासाठी पाण्याचा तांब्या भरून घेऊन आले.