बिबड्यांचा एसी

दानियलने खोलीचं दार उघडलं आणि तो उंबऱ्यातच थांबला. आत खाट नव्हती, गादी नव्हती. कोपऱ्यात ज्वारीची पोती रचलेली होती आणि त्यांच्या वर भिंतीला एसी होता.

"इथे झोपतं कोण?" त्याने विचारलं.

"कोनी नई," भिलाआप्पा म्हणाला. "मी ओटावर झोपस."

"मग एसी कोणासाठी?"

"बिबडासाठी."

दानियल हसला. तो विसरवाडीचा, घरी आदिवासी कोकणी बोलणारा. नंदुरबारहून दुरुस्तीला आला होता. आपल्याला अहिराणी नीट कळली नाही असं त्याला वाटलं. आप्पा त्याला मागच्या अंगणात घेऊन गेला.

एसीचं बाहेरचं मशीन खालीच, विटांवर ठेवलेलं होतं. त्याच्या तोंडाला लावून खाट होती. खाटेवर ओलं धोतर आणि धोतरावर पापडांसारखे वाळत घातलेले ज्वारीचे बिबडे. काही जाड, काही फाटलेले. गोल एकही नव्हता. मशीनपासून खाटेच्या पलीकडच्या पायापर्यंत एक जुनं लुगडं तंबूसारखं बांधलेलं होतं. गरम वारं आतल्या आत फिरावं म्हणून.

"सापडलं," दानियल म्हणाला. "मशीन गरम हवा बाहेर टाकतं, पण तिला जायला वाटच नाही. ते तीच हवा परत ओढतं, तापतं आणि बंद पडतं. खाट काढा, लुगडं सोडा. बाकी काही बिघाड नाही."

"खाट निंघनार नई."

"मग एसी चालणार नाही."

"दोन उन्हाळा चालना."

"तेव्हा मशीन नवं होतं, आप्पा."

"बिबडा बी तवय नवाच व्हतात."

दानियलने कपाळावरचा घाम पुसला. "अहो, बाहेर एवढं ऊन आहे. बिबडे वाळवायला एसी कोण लावतं? गच्चीवर घाला ना."

"आठे ऊन येस का, दखी ले." शेजारच्या दुमजली घराची सावली अंगणभर पडली होती. "आनि धाबावर जावाले जिना शे."

"मग चढा जिना."

"मी चढसू रे. तिना गुडघा चढतस का?"

"असं होय." दानियलचा आवाज उतरला. "मग काकूंनाच बोलवा. मी त्यांना समजावतो. तुमच्यापेक्षा त्या लवकर ऐकतील." आणि त्याने लुगड्याची गाठ सोडायला हात लावला.

"कोनले बोलावतस रे भाऊ?" कुंपणाच्या भिंतीवरून शेजारच्या योगिताने डोकं वर काढलं. "शोभाबाई व्हळीना पहिलेच वारनी, देवाघर गयी."

दानियलने गाठीवरचा हात काढला.

"दुखना घर वरीसभर बिबडा-पापड करतस नई," योगिता त्यालाच सांगू लागली. "आम्ही शेजारना देतस ना. पन हाऊ मानूस ऐकी तवय. गाव नावं ठेवी ऱ्हायनं. आन दख, ते काय बिबडा शेतस का? भाकरीना तुकडा शेतस."

"तुन्हा बिबडामा मीठ जास्त ऱ्हास, योगिता," आप्पा म्हणाला.

"मंग नका खाऊ!"

"नईच खात."

योगिताने तोंड वाकडं केलं, पण ती भिंतीवरून हटली नाही. आप्पा खाटेजवळ वाकला. एक बिबडा धोतराला चिकटला होता. तो सोडवता सोडवता फाटला. त्याने दोन्ही तुकडे पुन्हा शेजारी शेजारी ठेवले.

"वरीसभर तिना हातनं काम बंद ठेवानं म्हने," तो बिबड्यांकडे पाहतच म्हणाला. "कोनी सांगं? मी ठेवनार नई."

दानियलने भिंतीवर हात फिरवून पाहिला.

"आप्पा, असं करू. मी मशीन वर चढवतो. भिंतीत लोखंडी घोडी ठोकून बसवून देतो. तिथे त्याला मोकळी हवा मिळेल, एसी बंद पडणार नाही. तुमची खाटही हलवायला नको."

"वर नको."

"का नको?"

"तठे लुगडं बांधाले तिना हात पुरनार नई."

योगिताने भिंतीवरची बोटं आवळली. दानियलने तिच्याकडे पाहिलं, मग आप्पाकडे. "आप्पा, पण काकू तर..."

"माले माहीत शे," आप्पा ताठ उभा राहिला. "लाकडं मीच रची तिना करता. तू माले सांगू नको. मशीन खालेच ऱ्हाई. चालू कर."

"करतो. पण थोड्या वेळात बंद पडेल."

"पडू दे. मी परत चालू करसू."

"परत पडेल."

"मी कोठे जाई ऱ्हायनू?"

दानियल आत गेला आणि त्याने बटण दाबलं. मशीन खडखडलं, मग त्याचा आवाज एकसारखा झाला. लुगडं फुगलं.

आप्पाने बादली पालथी घातली, खाटेपाशी ओढली आणि तिच्यावर बसला. बिबडे कितपत वाळले ते पाहायला त्याने लुगड्याची कड वर उचलली. आतलं तापलेलं वारं सरळ त्याच्या तोंडावर आलं. त्याने तोंड फिरवलं नाही.