कमरेइतका जाळ

सेलूचा रूपराव पहिल्यांदाच लेकीच्या सासरी, नालवाडीला, मुक्कामी आला होता. पहाटे व्याह्याने परसात दोन गोवऱ्या पेटवल्या. रूपरावला हसूच आलं. "हे काय शेकणं झालं, इवाई? आमच्या घरी कमरेइतका जाळ असते!" अंधुक उजेडातच त्याने कोपऱ्यात खुंटांना टेकवलेल्या तुराट्या कवेत घेऊन विस्तवावर लोटल्या. भडका उडाला. पाहुण्याला अडवावं कसं, म्हणून व्याह्याने नुसते हात शेकले. तेवढ्यात लेक ऊन पाण्याची बादली घेऊन न्हायला आली अन् थबकली. खुंटांमध्ये नुसता न्हाणीचा दगड उरला होता. आडोसा बापाने जाळला होता. ती बादली घेऊन आत वळली. तुराट्यांचा जाळ घटकेत विझला. रूपरावने अंगावरची घोंगडी काढून खुंटांना बांधली अन् तो मान खाली घालून कुडकुडत बसला. व्याह्याने आपली विरलेली घोंगडी त्याच्या खांद्यावर टाकली. "घ्या, इवाई. तुमच्या घरच्यासारखी नाई, पण निभते."