भाईदासचा विचार करणारा कॉम्प्युटर

प्लायवुडच्या मागे बसलेल्या भिकनला शिंक आली. दोन्ही हातांनी नाक दाबून त्याने ती जिरवायचा प्रयत्न केला, पण जिरली नाही. प्लायवुड थरथरलं.

"मशीन तापलं," बाहेर भाईदास गर्दीला म्हणाला. "विचार करतंय ना! आपलंही डोकं तापतंच की."

गर्दीने माना डोलावल्या. लिंबायत वस्तीतल्या भाईदासच्या नव्या कॉम्प्युटर क्लासचं आज दुपारी उद्घाटन होतं. जाहिरात जोरदार होती. माणसासारखा विचार करणारा कॉम्प्युटर आला आहे, त्याला भूक नाही, झोप नाही, कुणीही या आणि काहीही विचारा! टेबलावर शोभेचा एक कीबोर्ड ठेवला होता. खरा कीबोर्ड पलीकडे भिकनच्या मांडीवर होता. प्रश्न ऐकायचा आणि एका बोटाने उत्तर टाइप करायचं, एवढंच त्याचं काम. अक्षरं पडद्यावर इतकी सावकाश उमटत, की लोकांना वाटे, बापरे, केवढा खोल विचार चाललाय!

भिकन खरा विणकर. कडोदऱ्याचा त्याचा लूमचा कारखाना गेल्या महिन्यात बंद पडला. शेठने कुलूप लावलं आणि कामगार पांगले. भिकनने ही बातमी सगळ्या गल्लीला सांगितली असती, पण मग ती बायकोला, कलाला, कळली असती. म्हणून कुणालाच सांगितली नाही. रोज सकाळी 'कामावर जातो' म्हणून तो निघे आणि भाईदासकडे येऊन बसे. भाईदास त्याच्याच गावचा. त्याने शब्द दिला होता, आजचा दिवस निभावून ने, पोरं भरती झाली की तुला सगळं शिकवतो आणि साडीच्या मार्केटात बिलं काढायला चिकटवतो. कलाला तेव्हाच सांगायचं, असं भिकनने ठरवलं होतं. आधी नोकरी, मग खरं.

गर्दीतल्या धुडकूआप्पांनी विचारलं, "दिल्लीचं सरकार टिकेल का?"

भिकनने टाइप केलं, "पडेल." टाळ्यांचा कडकडाट झाला. दिल्लीत सरकारं धडाधड पडायची त्या वर्षांत एवढं सांगायला कॉम्प्युटर लागत नव्हता, पण कौतुक कॉम्प्युटरचंच झालं.

मग श्रीरंग गुरुजी उठले. शाळेतून निवृत्त होऊनही त्यांची प्रश्न विचारायची सवय गेली नव्हती. घसा साफ करून ते म्हणाले, "तुला दुःख होतं का?"

भिकनचं बोट हवेतच राहिलं. कारखाना बंद पडल्यापासून हे त्याला कुणी विचारलंच नव्हतं. त्याला एकदम भरून आलं. पण भाईदासने बजावून ठेवलं होतं, अडचणीच्या प्रश्नाला एकच उत्तर. त्याने नाक ओढत तेच टाइप केलं, "ही माहिती भरलेली नाही."

"बघा, हाच फरक," गुरुजी समाधानाने शेजाऱ्याला म्हणाले. "माणूस असता तर तासभर रडगाणं गायला असता."

"मी इचारू का?" मागून एका बाईचा आवाज आला.

भिकनने प्लायवुडच्या फटीला डोळा लावला. कलाच होती. घामाने डबडबलेली, चेहरा उतरलेला. ती पुढे आली आणि कॉम्प्युटरला तिने चक्क हात जोडले.

"भाऊ, आमना घरना मानूस आत्ते कोठे शे?"

भाईदास प्लायवुडकडे तोंड करून मोठ्याने खाकरला. अर्थ उघड होता. माहिती भरलेली नाही, असं लिही आणि सुट! भिकनलाही तो कळला. बोट अक्षरापर्यंत गेलंसुद्धा. पण फटीतून कलाचे डोळे दिसत होते. नवरा कुठल्या ट्रकखाली तर आला नसेल, अशी धास्ती त्यांत होती. अशा बाईला माहिती नाही म्हणून कसं सांगायचं? भिकन कितीही घाबरट असला तरी इतका निर्दय नव्हता.

अक्षरं उमटू लागली. "कारखान्यात आहेत. दुसरी पाळीही लागली आहे. उशीर होईल. वाट पाहू नका, जेवून घ्या."

गर्दी हरखली. भाईदासने सुटकेचा श्वास सोडला आणि प्रवेश सुरू आहे, असं जाहीर करून टाकलं.

कला मात्र जागची हलली नाही. ओठ हलवत तिने उत्तर पुन्हा एकदा वाचलं. तिच्या चेहऱ्यावरची काळजी ओसरली आणि तिथे जे आलं, ते भिकनला लग्नापासून चांगलं ओळखीचं होतं.

"भाईदास भाऊ," ती म्हणाली, "मी आत्तेच कडोदराथीन उनू. कारखानाले कुलूप शे. वॉचमन म्हने, महिना व्हयना."

"वहिनी, मशीन आहे," भाईदास कसंनुसं हसला. "चुकतं एखाद्या वेळी."

"मशीनले ठाऊक नसतं, ते नही ठाऊक म्हनतं. बायकोले खोटं सांगीसन वर जेवी ले म्हनाले मानूसच लागस." तिने पिशवीतून भिकनचा घरी विसरलेला डबा काढला आणि कॉम्प्युटरपुढे ठक्कन ठेवला. "त्याले सांगा, बाहेर ये. आजूनपावत मी बी जेवनू नही."

भाईदास बटण बंद करायला धावला, पण त्याआधीच पडद्यावर एकेक अक्षर उमटू लागलं होतं.

"भाजी काय शे?"