पडद्यापलीकडच्या वहिनी

आजही प्लेटमध्ये अर्धंच ऑम्लेट होतं.

"सिस्टर, हे हॉस्पिटल आहे का उपासाचं शिबिर?" फ्रेमवाले काका करवादले. "अर्धं ऑम्लेट, अर्धा पाव. पोटभर दिलं तर पेशंट बरा होईल, ही भीती आहे का तुम्हाला?"

नर्स नुसती हसली. काकांनी कुरकुरत होतं ते संपवलं, चहा घेतला, आणि पुन्हा बघतात तर काय, उरलेलं ऑम्लेट प्लेटमध्ये हजर! बोलल्याशिवाय या जगात काही मिळत नाही, हे त्यांचं मत आणखी पक्कं झालं. पेपर मात्र बोलूनही सुधारत नव्हता. हल्लीच्या बातम्यांना शेंडा असतो तर बुडखा नसतो.

त्यांचे डोळे अगदी ठणठणीत होते. तसं डॉक्टरांनीच सांगितलं होतं. "बिघाड मेंदूत आहे, काका. डावीकडे जे असतं त्याची तो दखलच घेत नाही. आणि तिथं काळोख दिसत नाही ना, म्हणून आपलं काही हरवलंय हेही कळत नाही."

"मला सगळी खोली दिसते," काका म्हणाले होते. "दार दिसतं, खिडकी दिसते, तुमच्या शर्टाचं तुटलेलं बटण दिसतं. आणखी काय बघू?"

तसबिरी मढवण्यात उभा जन्म गेलेल्या माणसाला नजर शिकवायची म्हणजे काय! व्यायाम घेणाऱ्या बाईंनी टेबलाच्या डाव्या कडेला लाल पट्टी चिकटवली होती. ती दिसेपर्यंत मान वळवायची, असा हुकूम होता. काका जेमतेम अर्ध्यापर्यंत जायचे आणि "दिसली, दिसली" म्हणून मोकळे व्हायचे.

त्यांचं लक्ष होतं कुठं तिकडे? त्यांना काळजी एकच होती. ही आली नव्हती. दवाखान्यात आणल्यापासून एकदाही नाही.

येणार तरी कशी? त्या सकाळी त्यांनी दोघांचा लग्नातला फोटो नव्यानं मढवून भिंतीवर लावला. ही म्हणाली, वाकडा आहे. काकांचं डोकंच फिरलं. "मला शिकवतेस? जा, बोलू नकोस माझ्याशी!" आणि तेवढ्यात पाय लटपटले, स्टुलावरून खाली आले ते थेट इथं. हिनं शब्द खरा केला होता. कट्टर बाई!

"सिस्टर, आमच्या घरून कोणी आलं का हो?"

"आधी नीट वळून बघायला शिका, काका. मग सगळे भेटतील."

म्हणजे नाहीच आलं.

शेजारच्या पेशंटचं नशीब मात्र बघा! उजवीकडे हिरवा पडदा, त्यामागे तो. गळ्याचं ऑपरेशन झालेलं, आवाज बंद. पण त्याची बायको सकाळपासून हजर. पडदा सदा ओढलेला, त्यामुळे ती दिसायची नाही, ऐकू मात्र सारखी यायची. "अहो, इकडे बघा ना जरा. अहो, मी इथंच आहे." व्यायामाच्या बाईही तिला बजावायच्या, "तुम्ही जागा बदलू नका हं. मान त्यांची त्यांनीच वळवायला हवी." बिचाऱ्याची मान आखडली असणार.

आवाज थेट हिच्यासारखा, फक्त जरा बसलेला. बायकोची आठवण आली की जो तो तिच्याच आवाजात बोलायला लागतो. मधूनच तेलाचा वास यायचा, तोही हिच्या हातांचा.

एकदा दुपारी काकांना राहवेना. पडद्याकडे तोंड करून ते म्हणाले, "वहिनी, रागावू नका, पण त्यांना सारखं वळा-वळा करू नका. गळा दुखत असेल त्यांचा."

आवाज एकदम थांबला.

"तुम्ही येता तरी," काका पुढे म्हणाले. "आमची मंडळी रुसलीय. चूक माझीच हो. फोटो वाकडाच होता. खाली पडता पडता दिसला मला. पण कबूल करायचं म्हणजे आमचं नाक आडवं येतं ना!"

मग आवाज आला, "तिला सांगा की तसं."

"आली तर सांगेन. तिच्याशिवाय मला घर खायला उठेल, वहिनी. तेही सांगेन."

कुणीतरी नाक ओढल्याचा आवाज झाला. आपण भलत्याच बाईला रडवलं, म्हणून काका ओशाळले आणि झोपेचं सोंग घेऊन पडले.

दुसऱ्या दिवशी पडदा सरकला. शेजारी घरी निघाला होता. गळ्याला पट्टी, हातात पिशवी, आणि एकटाच.

"हे काय, वहिनी कुठायत? न्यायला नाही आल्या?"

"कोण वहिनी?" शेजाऱ्याला घोगरा का होईना, आवाज फुटला होता. "मी सडाफटिंग माणूस, काका. मला भेटायला चिटपाखरू आलं नाही."

"अहो, मग रोज बोलायच्या त्या बाई?"

शेजाऱ्यानं बोट उचललं आणि काकांच्या पलीकडे, डाव्या बाजूला दाखवलं. 'डावीकडचा आवाजही तुम्हाला उजवीकडून आल्यासारखा वाटेल,' असं डॉक्टर म्हणाले होते, ते काकांना आत्ता आठवलं.

काकांनी मान वळवली. दार गेलं, खिडकी गेली, टेबलाचं अर्धं गेलं. इथं ते नेहमी थांबायचे. आज थांबले नाहीत. मान दुखली तरी रेटत गेले. लाल पट्टी दिसली. खरंच लाल होती की! पट्टीच्या पुढे तेलाची बाटली. बाटलीच्या पुढे एक हात, त्यांचाच, कुणाच्या तरी मांडीवर ठेवलेला, आणि तो चोळणाऱ्या ओळखीच्या बांगड्या.

"काय भावजी," ती डोळे पुसत म्हणाली, "फोटो वाकडाच होता ना?"