पावसातली परीक्षा

या, जरा जवळ सरकून बसा. एका परीक्षेची गोष्ट सांगायची आहे. छोटीच आहे, पण मन लावून ऐका.

वाहन परवान्याच्या कचेरीत परीक्षक खिडकीशी बसून चहा फुंकत होते. बाहेर धो धो पाऊस. समोर पन्नाशीची एक बाई, हातात अर्ज.

“ताई, या पावसात बेडूकसुद्धा बाहेर पडायचा नाही. सही करतो, घरी जा.”

“बेडूक नसले तर रस्ता मोकळाच मिळेल, साहेब. परीक्षा घ्या.”

“पास करतोय म्हटलं तरी नको?”

“नको.”

कपाळाला आठ्या घालून परीक्षक गाडीत तिच्या शेजारी बसले. बाईने वायपर लावले, आरसा नीट केला, ओठांतल्या ओठांत देवाचं नाव घेतलं. पुढच्या ट्रकपासून तिने चांगलं लांब अंतर ठेवलं. साचलेलं पाणी दिसताच वेग कमी केला. परीक्षक सैलावून बसले.

“छान. आता कचेरीकडे वळवा.”

तिने वळवली नाही. गाडी गोदामांमागच्या उताराला लागली. खाली वळण, वळणापलीकडे भरून वाहणारा कालवा. ओल्या डांबरावर तेलाचे डाग. वेग वाढू लागला.

“ताई, हळू!”

“किती हळू?”

“तीस! तीसच्या वर नाही!”

“पन्नास झालाय. जोरात ब्रेक मारू?”

“अहो नको! चाकं जाम होतील, गाडी सरळ कालव्यात जाईल! घरी माझी पोरगी आहे हो!”

“देव तिला सुखी ठेवो. मग नीट सांगा ना, काय करू?”

“अ‍ॅक्सिलरेटर सोडा! गिअर खाली घ्या! ब्रेक हलकेच, तोही वळणाच्या आधीच. स्टिअरिंगला हिसका नको!”

तिने एकेक गोष्ट शांतपणे केली. गाडी वळणातून अलगद बाहेर आली आणि कडेला थांबली.

परीक्षक तिच्याकडे वळले. “तुम्हाला हे सगळं येत होतं!”

“हो.”

“मग माझा जीव का टांगणीला लावलात?”

“तुम्हाला येतं का, ते बघायचं होतं. येतं की सगळं.” तिने रुमालाने काचेवरची वाफ पुसली. बाहेर कालव्याचा कठडा दिसत होता, मध्येच तुटलेला. “माझ्या मुलाला मात्र तुम्ही काहीच विचारलं नाहीत. त्याच्या परीक्षेलाही असाच पाऊस होता. तुम्ही खिडकीतूनच सही केलीत. पुढची सही करताना त्याला जरा आठवा, साहेब.”