हातावरचं जंगल

"असं नोको बोलू तिले, नूतन. ते मनाले लावून घेते," सासूबाई सोमारीबद्दल म्हणाल्या होत्या. नूतनने हसण्यावारी नेलं होतं. हातावरच्या जंगलाची साधी थट्टा तर होती.

नूतन भद्रावतीतल्या एका कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवायची. विज्ञान दिनाच्या प्रदर्शनासाठी तिने काचेच्या बशीतल्या जेलीवर जिवाणूंचं चित्र वाढवलं होतं. लाल जिवाणूंचा फुललेला पळस, मागे पिवळ्यांचं ऊन. त्याचा फोटो तिने सोमारीला मोबाइलवर दाखवला. सोमारी कुरखेड्याकडच्या जंगलातल्या गावची, दिवसभर रिनाला सांभाळायची. ती बघतच राहिली.

"हे जिवंत हाये, बाई? आपल्या हातावर राह्यते?"

"असलेच राहतात. माझ्या हातावर झाड असेल, तुझ्या हातावर तर अख्खं जंगल! रिनाला उचलण्याआधी धूत जा."

आपल्या थट्टेत हे विष कुठून आलं, ते नूतनला पक्कं ठाऊक होतं. दीड वर्षाची रिना संध्याकाळी आईला बघून सोमारीच्या खांद्यात तोंड लपवायची. झोपेत 'मारी, मारी' करायची. पोटच्या पोरीपुढे हात पसरायचे आणि पोरीने मान फिरवायची! त्यात महिन्यात दोनदा रिनाचं पोट बिघडलं. मग नूतनची नजर सोमारीच्या हातांवरून हलेना. सोमारी हल्ली रिनाला चमच्याने भरवते. मोठी शहाणी झाली! गाल कुरवाळताना बोटं नाही, मनगट लावते. अंगाला फिनेलचा वास येतो. नूतनने सगळं टिपलं. तिच्या नजरेतून काही सुटत नसे.

प्रदर्शनाला तीन दिवस उरले तेव्हा तिने जेलीच्या दोन कोऱ्या बश्या घरी आणल्या. एक नंबरवर स्वतःची चार बोटं टेकवली, दोन नंबरवर सोमारीची. सोमारीने बोटं टेकवली आणि लगेच मूठ मिटली. भ्यायली, नूतनला वाटलं. बश्या पळसाशेजारी मांडायच्या, नाव न घालता. मग सासूबाईंना तिथे आणून दाखवायचं, तुमची नात कुणाच्या हातची जेवते ते.

प्रदर्शनाच्या सकाळी तिने कॉलेजात, बश्या उबेला ठेवलेला इनक्युबेटर उघडला. एक नंबरवर चारही बोटं ठिपक्यांनी गच्च भरली होती. दोन नंबरवर काहीच नव्हतं. नूतनने बशी उलटून नंबर पाहिला. पुन्हा पाहिला. अक्षर तिचंच होतं.

ती स्कूटीवरून तशीच घरी आली.

"खरं सांग सोमारी, त्या दिवशी हाताला काय लावलं होतंस?"

सोमारीचा चेहरा उतरला. "फरशीचं फिनेल, बाई. साबनानं मरत नसन म्हून. रोजच लावतो, मंग पान्यानं धुतो. रिनाले उचलाच्या आंधी, दर खेपी."

"दाखव हात."

सोमारीने मुठी उघडल्या. तळवे सोललेले होते. बोटांच्या बेचक्यांत भेगा होत्या आणि भेगांत रक्त वाळलं होतं.

"आता तरी गेलं का जंगल, बाई?"

दवाखान्यात पट्ट्या बांधून होईपर्यंत रिना आईच्या कडेवरून सोमारीकडेच झेपावत होती. नूतनने तिला सोमारीच्या मांडीवर ठेवलं.

दुपारी प्रदर्शनात पळसापुढे झुंबड उडाली. लोक फोटो काढत होते, पोरं काचेला नाक लावत होती. दोन नंबरच्या कोऱ्या बशीपाशी मात्र कुणी थांबेना. नूतनने तिच्याखाली एक कागद चिकटवला. अक्षर वाकडं आलं, पण वाचता येत होतं :

'ही बशी इतकी स्वच्छ कशी, ते मी वेळेवर विचारलं नाही. तुमचं लेकरू दिवसभर जिच्या कडेवर असतं, घरी गेल्यावर आधी तिची मूठ उघडून बघा.'